आधी सही, मग नोटा: सोलापुरात रोख भाडं देणाऱ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

सोलापुरात भाडं रोख देणारे अजून भरपूर आहेत. यंत्रमागावरचा पगार आठवड्याला हातात पडतो, विड्यांची मजुरी रोख मिळते, आणि साखर पेठेतल्या किंवा भवानी पेठेतल्या जुन्या घरमालकाला मोबाईलवर आलेले पैसे पैसेच वाटत नाहीत. त्यात गैर काही नाही. घरभाडं रोख देणं बेकायदा नाही.

लोक चुकतात ते क्रमात. नोटा आधी देतात आणि पावतीचं नंतर बघू म्हणतात. घरमालक अण्णाही म्हणतात, "जातंय कुठं, देतो की." दोन-तीन वर्षं कुरबूर होत नाही. मग घर विकायला निघतं, किंवा अण्णांच्या मागे कारभार मुलाकडे जातो, आणि एक दिवस वकिलाची नोटीस येते की आठ महिन्यांचं भाडं थकलंय. अशा वेळी भाडं दिलं हे दाखवायची जबाबदारी भाडेकरूवर येते. "दर महिन्याला देत होतो हो, गल्लीत कुणालाही विचारा" यावर काम भागत नाही.

खाली टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने करा. तुम्ही आधीच राहायला गेला असाल तर टप्पा ४ पासून सुरू करा, पण टप्पा १ मधली मालकाची खात्री मागाहून का होईना करून घ्याच.

टप्पा १: पैसे नेमके कोणाला द्यायचे, हे आधी ठरवा

घर दाखवणारा, चावी देणारा आणि घराचा मालक या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला बरेच फ्लॅट बाहेरगावी राहणाऱ्यांचे आहेत आणि चावी शेजाऱ्याकडे किंवा एजंटकडे असते. जुन्या पेठांत उलट अडचण: वाडा आजोबांच्या नावावर आणि राहणारे भाऊ चार.

डिपॉझिटचा एक रुपयाही देण्याआधी ही कागदपत्रं बघायला मागा:

- महापालिकेच्या मिळकत कराची अलीकडची पावती
- महावितरणचं वीजबिल
- जमल्यास सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. शहराच्या कडेच्या भागात सातबारा
- मालकाचं आधार कार्ड, निदान नाव जुळवून बघण्यापुरतं

वीजबिलावरचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, जुन्या मालकाच्या नावाने वर्षानुवर्षं बिलं येत राहतात. पण दोन कागदांवर दोन वेगळी नावं दिसली तर विचारायला कारण मिळतं. नाव वडिलांचं आणि पैसे मागणारा मुलगा, असं असेल तर वडिलांकडून एका ओळीची चिठ्ठी सहीने घ्या: "माझ्या अमुक घराचं भाडं माझा मुलगा अमुक घेईल आणि पावती देईल." वडील हयात नसतील तर वारसांपैकी भाडं कोणी घ्यायचं हे सगळ्या वारसांच्या सहीने लिहून घ्या. चार भावांत एकाला भाडं दिलं आणि दुसरा दारात उभा राहिला, हे जुन्या पेठांत नवीन नाही.

थांबा: कागद दाखवायला टाळाटाळ होत असेल आणि वर "आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे" अशी घाई असेल, तर ते घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.

टप्पा २: करार नोंदवूनच घ्या, नोटरीवर थांबू नका

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य एजंटापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे ऐकवतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदलेला करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक नोंदणीला नाखूश असेल तर शेवटचा मुद्दा त्याला शांतपणे सांगा. नोंदणीत त्याचाही फायदा आहे हे बहुतेकांच्या लक्षातच आलेलं नसतं.

खर्च लोक समजतात तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मोजायचं पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. भाडं ६,५००, डिपॉझिट २०,००० आणि मुदत अकरा महिने असेल, तर बेरीज साधारण ७३,३०० होते आणि शुल्क दोनशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. करार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून, दोन्ही पक्षांच्या आणि साक्षीदारांच्या आधार-अंगठ्यावर घरबसल्या नोंदवता येतो. एजंटाची मजुरी त्याहून वेगळी, ती आधी विचारून घ्या. आणि हा सगळा खर्च कोणी करायचा तेही.

करारात रोख भाड्यापुरत्या या ओळी असल्याच पाहिजेत:

- भाडं दरमहा किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि "रोख किंवा बँकेतून" असे दोन्ही मार्ग खुले
- भाडं कोण स्वीकारेल, त्याचं नाव
- रोख रक्कम मिळताच लेखी पावती दिली जाईल
- वीज, पाणी, मिळकत कर, सोसायटीचा मेंटेनन्स कोणाकडे
- डिपॉझिट किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत

"रोख किंवा बँकेतून" हे शब्द आवर्जून घाला. पुढे मालकाने पावती नाकारली तर तुम्हाला बँकेचा रस्ता मोकळा राहतो. त्यासाठी मालकाचा खाते क्रमांक करारातच लिहून घेतलेला बरा.

तपासा: नोंदणी झालेल्या कराराची प्रत तुमच्याकडे आली का? "माझ्याकडे आहे, लागली तर सांगा" हे चालवून घेऊ नका. सोबत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली की नाही तेही विचारा. तुम्ही त्या पत्त्यावर कधीपासून राहता याची आणखी एक नोंद तयार होते.

टप्पा ३: डिपॉझिट मात्र रोख देऊ नका

महिन्याचं भाडं रोख ठीक. डिपॉझिट नको. रक्कम मोठी असते, एकदाच दिली जाते आणि परत मागायची वेळ दोन-तीन वर्षांनी येते. तोवर आठवणी धूसर होतात, मालकाची तर नक्कीच. त्याशिवाय आयकर कायद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त ठेव रोखीत घेण्यावर बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो. म्हणजे डिपॉझिट चेकने देण्यात मालकाचंही हित आहे.

स्वतःचं खातं नसेल तर घरातल्या कोणाच्या खात्यातून द्या आणि करारात तसं लिहा: "डिपॉझिट रु. १५,००० भाडेकरूच्या पत्नीच्या खात्यातून, चेक क्रमांक अमुक." रोखच द्यावं लागलं, तर नोंदणीच्या दिवशी, साक्षीदारांसमोर आणि रक्कम करारात लिहिल्यावरच. एजंटच्या हातात डिपॉझिट कधीच नाही.

राहायला जाण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतींची ओल, नळ, फरशीच्या भेगा, खिडकीच्या काचा, पंखे आणि वीज मीटरवरचा आकडा त्यात यायला हवा. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. डिपॉझिटमधून "रंगाचे सात हजार" कापले जातात तेव्हा हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

टप्पा ४: वही आणि पावतीपुस्तक तुम्हीच आणा

मालक पावतीपुस्तक आणेल याची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल. स्टेशनरीच्या दुकानात कार्बन लावायचं डुप्लिकेट पावतीपुस्तक स्वस्तात मिळतं. छापील अनुक्रमांक असलेलंच घ्या. सोबत एक जाड पुठ्ठ्याची वही, तीच तुमची भाडेवही.

पावती सुटी असते, हरवते. भाडेवहीत सगळे महिने एकाखाली एक असतात. मधल्या महिन्याची ओळ नसली तर लगेच दिसतं, आणि बारा सह्या एका पानावर असल्या की "ही एक सही माझी नाही" म्हणणं अवघड जातं. म्हणून दोन्ही ठेवा. एकच ठेवायची असेल तर वही ठेवा.

वहीत रकाने असे आखा: दिल्याची तारीख, कोणत्या महिन्याचं, भाडं, वीज किंवा इतर, एकूण, बाकी, घेणाऱ्याची सही. पहिल्या पानावर घराचा पत्ता, करार नोंदणीचा क्रमांक, भाड्याचा दर आणि डिपॉझिटची रक्कम लिहून तिथेही मालकाची सही घ्या.

आता कायद्याचा आधार. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ३१ सांगतं की मालकाने भाडं किंवा जागेपोटी कुठलीही रक्कम घेतली की त्याच वेळी लेखी पावती दिली पाहिजे. न दिल्यास दंड आहे. आणि ५,००० रुपयांच्या वरच्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावावं लागतं, त्यावर आडवी सही. ही तिकिटं पोस्टातून आणून पाच-दहा वहीच्या खिशात ठेवा. "तिकीट नाही, उद्या या" ही सबबच उरत नाही. एखाद्या पावतीवर तिकीट लावायचं राहिलं म्हणून ती फाडून टाकू नका. तिकिटाची चूक भरून काढता येते, हरवलेली सही नाही.

पावती कशी मागायची, हाच अनेकांचा खरा प्रश्न असतो. मालक वयाने मोठे, त्यात ओळखीतून घर मिळालेलं. पावती मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. माझ्या मते पहिल्या महिन्यालाच मागावी. दहाव्या महिन्यात अचानक मागितली तर अण्णांच्या भुवया वर जाणारच. आणि मागताना कारणं रचू नका. "अण्णा, घरचा हिशोब मी वहीत ठेवतो, इथं एक सही द्या" एवढं सरळ वाक्य पुरतं. वही आणि पेन तुमच्या हातात उघडं असलं की बहुतेक लोक सही करून मोकळे होतात.

टप्पा ५: भाडं देण्याचा दिवस

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रम तंतोतंत पाळा.

१. शक्य असेल तर भाड्याची रक्कम त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी बँकेतून एकरकमी काढा. ६,५०० भाडं असेल तर ६,५००च काढा. पासबुकात दर महिन्याच्या सुरुवातीला तोच आकडा दिसला तर तो एकटा पुरावा ठरत नाही, पण वहीतल्या तारखेशी जुळला की वहीला बळ येतं. एटीएमची चिठ्ठी काही महिन्यांत पुसट होते, फोटो काढून ठेवा.

२. घरीच नोटा मोजा. वहीच्या कोपऱ्यात लिहा: ५०० च्या १३. मालकाच्या दारात मोजताना "एक कमी आहे" हा वाद मग होत नाही.

३. पावती आणि वहीतली ओळ घरूनच पूर्ण लिहून न्या. फक्त सहीची जागा रिकामी. मालकाला चष्मा शोधत लिहायला लावलं की पावती "नंतर"वर जाते.

४. जाताना घरातलं एक माणूस सोबत असू द्या.

५. दारात गेल्यावर आधी वही पुढे करा. मालकाला वाचू द्या. मराठी वाचता येत नसेल, आणि पूर्व भागात तेलुगू किंवा अक्कलकोट रस्त्याकडे कन्नड घरांत असं होऊ शकतं, तर त्यांच्याच घरातल्या कोणाला वाचून दाखवायला सांगा. सही ते ज्या लिपीत करतात त्याच लिपीत करू द्या. सह्या कराराशी जुळायला हव्यात, भाषा कुठलीही असो.

६. नोटा मालकासमोर मोजून खाली ठेवा. ते मोजून घेतील. सही झाली की नोटा त्यांच्याकडे, पावती तुमच्याकडे. हे दोन्ही एकाच बैठकीत. "पैसे ठेवून जा, सही संध्याकाळी" असं झालं तर नम्रपणे म्हणा, "मग संध्याकाळीच दोन्ही करू," आणि नोटा परत खिशात घाला. इथे भीड धरणारेच पुढे अडकतात.

पावतीचा मजकूर असा असावा:

"पावती क्र. ७. दिनांक ५ जून. मी, (मालकाचं पूर्ण नाव), माझ्या (घर क्रमांक, गल्ली, पेठ, सोलापूर) येथील जागेचं मे महिन्याचं, म्हणजे १ मे ते ३१ मे या मुदतीचं भाडं रु. ६,५००, अक्षरी सहा हजार पाचशे फक्त, (भाडेकरूचं पूर्ण नाव) यांच्याकडून रोख मिळालं. मे अखेर भाड्याची बाकी नाही. सही."

दिनांकात वर्ष घालायला विसरू नका. आणि शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "मे अखेर बाकी नाही" असं दर महिन्याला लिहिलं गेलं की मागचे महिने त्याच सहीत मिटतात. फेब्रुवारीची पावती हरवली असेल तरी मेची पावती तुमच्या बाजूने बोलते.

नेहमीच्या चुका: "भाडं मिळालं" एवढंच लिहिणं, महिना नाही. तारीख आहे, वर्ष नाही. आकडा आहे, अक्षरी नाही. मग ६,५०० चे कधी ५,५०० होतात कळत नाही. सहीऐवजी दुकानाचा शिक्का. आणि सगळ्यात वाईट, सहा महिन्यांच्या पावत्या एकाच दिवशी, एकाच पेनने. खरी असली तरी अशी चळत संशय निर्माण करते.

नोकरदारांनी जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेताना याच पावत्या द्यायच्या असतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन लागतो, तो मार्चमध्ये मागण्यापेक्षा करारातच घ्या.

टप्पा ६: त्याच संध्याकाळी पाच मिनिटं

पावतीचा आणि वहीच्या पानाचा फोटो काढा. मग मालकाला संदेश: "अण्णा नमस्कार, आज ५ जूनला मे महिन्याचं भाडं रु. ६,५०० रोख दिलं. पावती क्र. ७." खाली फोटो. उत्तरात "हो", अंगठ्याचं चिन्ह, काहीही आलं तरी चालतं. काहीच आलं नाही तरी संदेश राहू द्या. महिन्यामागून महिना असे संदेश गेले आणि एकदाही "कुठलं भाडं?" असं उत्तर आलं नाही, यालाही वजन असतं.

फोन बदलताना हे संदेश घालवू नका. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ संभाषण मोलाचं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

तपासा: या महिन्याची नोंद तीन ठिकाणी आहे का? वही, पावती, फोन. तिन्हीकडे महिना आणि रक्कम एकच आहे का?

टप्पा ७: सरळ चाललेलं बिघडतं त्या जागा

हप्त्याने भाडं. आठवड्याचा पगार असणारे अनेकजण दोन किंवा चार तुकड्यांत भाडं देतात. प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ, वेगळी सही. "बाकी" रकाना इथे उपयोगी येतो: "मे भाड्यापैकी रु. १,५००, बाकी रु. ५,०००." महिना संपल्यावर शेवटच्या ओळीत "बाकी नाही". तोंडी "राहिलेलं पुढच्या शनिवारी" म्हणत दोन महिने एकमेकांत मिसळले की हिशोब कोणालाच सांगता येत नाही.

मुलगा, सून, दुकानातला माणूस. मालक घरी नाहीत म्हणून पैसे सुनेच्या हातात ठेवून येणं सर्रास चालतं. करारात किंवा चिठ्ठीत ज्याचं नाव नाही त्याला भाडं देऊ नका. दिलंच तर घेणाऱ्याचं नाव, नातं आणि सही वहीत घ्या आणि तिथूनच मालकाला फोन करून सांगा, मग संदेश पाठवा.

दुरुस्तीचे पैसे. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या शहरात टाकी फुटली की तुम्हीच पळापळ करून प्लंबर आणता, आणि अण्णा म्हणतात, "भाड्यातून वळतं करा." करा, पण वहीत लिहून: "टाकी दुरुस्ती रु. १,२०० बिलाप्रमाणे, जून भाड्यातून वळते. रोख दिले रु. ५,३००. जून अखेर बाकी नाही." नाहीतर वर्षअखेरीला ते १,२०० तुमच्या नावावर थकबाकी म्हणून उभे राहतात.

वीज. सबमीटर असेल तर दर महिन्याला आकड्याचा फोटो. विजेची रक्कम भाड्यात मिसळू नका, वेगळ्या रकान्यात. मूळ बिल महावितरणकडे खरंच भरलं जातंय का, तेही ग्राहक क्रमांक टाकून अधूनमधून बघा. तुम्ही पैसे दिलेत आणि बिल भरलंच नाही, तर अंधारात तुम्हीच बसणार.

घर विकलं गेलं. नवा माणूस येऊन "आता भाडं मला" म्हणाला, तर जुन्या मालकाचं लेखी पत्र किंवा नोंदलेल्या खरेदीखताची प्रत बघितल्याशिवाय देऊ नका. डिपॉझिट आता कोणाकडे, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.

थांबा: कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही मागितली तर करू नका, कितीही घरोबा असला तरी. आणि तुम्हीही मालकाकडून कोऱ्या सही केलेल्या पावत्या घेऊन ठेवू नका. त्या उघडकीस आल्या तर तुमच्या खऱ्या पावत्याही संशयात येतात.

टप्पा ८: पावती द्यायला नकार मिळाला तर

भांडू नका, भाडंही थांबवू नका. भाडं थांबवलंत की तुम्ही खरोखरच थकबाकीदार होता आणि मग बाजू मालकाची बळकट.

पहिल्यांदा नकार मिळाला तर त्या दिवशी सोबत गेलेल्या माणसाचं नाव वहीत लिहा आणि संध्याकाळचा संदेश नक्की पाठवा. पुढच्या महिन्यात रोख बंद. करारात खाते क्रमांक असेल तर बँकेत भरा, नाहीतर मालकाच्या नावाचा क्रॉस चेक द्या. यूपीआयने दिलंत तर शेरा लिहा: "मे भाडं". मोबाईल क्रमांक मालकाचाच आहे ना आणि समोर त्याचंच नाव दिसतंय ना, ते बघा.

मालक म्हणेल, "बँकेत नको, टॅक्सचं लफडं होतं." तो त्याचा प्रश्न आहे. तुम्ही एवढंच म्हणा: एकतर सही, नाहीतर बँक.

टप्पा ९: भाडंच घेईनात, नोटीस आली किंवा नळ तोडला

मालक भाडं घ्यायलाच तयार नसेल तर त्यामागे बहुतेक वेळा घर रिकामं करून घेण्याचा डाव असतो: सहा महिने घ्यायचं नाही, मग थकबाकीचा दावा. त्याच आठवड्यात साध्या भाषेत पत्र लिहा: "अमुक तारखेला मे महिन्याचं भाडं रु. ६,५०० द्यायला आलो असता आपण स्वीकारलं नाही. रक्कम तयार आहे. खाते क्रमांक कळवावा किंवा रक्कम स्वीकारून पावती द्यावी." स्पीड पोस्टाने पाठवा, पोच घ्या, प्रत ठेवा. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका. तसंच जपून ठेवा.

नोटिशीबाबत एक फरक समजून घ्या. तुम्ही जुने भाडेकरू असाल आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असेल, तर थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकीत रक्कम १५ टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरून घर वाचवता येतं. पावत्या नसतील तर हेच भाडं दुसऱ्यांदा भरायची पाळी येते. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर हे संरक्षण नाही. मुदत संपली की घर सोडायचं. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई लागू शकते. म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराचं बोलणं करा. मुदत संपल्यावर "राहा की, बघू नंतर" यावर विसंबू नका.

नोटिशीला उत्तर द्यायला आठवडा वाया घालवू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार, अपंग आणि कमी उत्पन्न असणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा विधी सेवांचा क्रमांक आहे. जाताना वही, करार आणि पाकिटं घेऊन जा. तोंडी कहाणी ऐकायला त्यांच्याकडे वेळ कमी असतो.

पाणी किंवा वीज तोडून घर रिकामं करायला लावणं कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि सेवा परत सुरू करून मिळावी म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. तोडलेल्या नळाचा, काढलेल्या फ्यूजचा तारखेसह व्हिडिओ काढा. सामान बाहेर फेकलं किंवा कुलूप बदललं तर लगेच ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं तरी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागाच. बेकायदा घराबाहेर काढलं गेलं असेल तर ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

टप्पा १०: घर सोडताना

"शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" हा सोयीचा रस्ता दोन्ही बाजूंना आवडतो. मालकाची लेखी संमती असेल तरच तो घ्या. नाहीतर तुमच्या बाजूने वळतं केलेलं भाडं आणि त्याच्या बाजूने न दिलेलं भाडं, असे एकाच पैशाचे दोन हिशोब होतात.

सोडण्याची सूचना करारात ठरल्याप्रमाणे, लेखी द्या. शेवटच्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ पहिल्याच क्रमाने पुन्हा काढा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवता येतील. वीज मीटरचा आकडा घ्या, शेवटचं बिल भरून टाका. मग एका कागदावर दोघांच्या सह्या: घराचा ताबा आणि किती चाव्या कोणत्या तारखेला परत दिल्या, भाडं कुठल्या महिन्यापर्यंत चुकतं झालं, डिपॉझिटमधून काय वजा झालं आणि कशासाठी, उरलेलं किती आणि कसं परत मिळालं. डिपॉझिट बँकेतूनच परत घ्या. पैसे खात्यात दिसेपर्यंत शेवटची चावी हातातच ठेवायची, असं अनेकजण सुचवतात. मी तसं सांगणार नाही, कारण ताबा दिला नाही म्हणून पुढच्या महिन्याचं भाडं तुमच्याकडे मागितलं जाऊ शकतं. त्यापेक्षा चावी, सही आणि पैसे एकाच बैठकीत होतील अशी वेळ ठरवा. मालक पुण्याला असेल तर व्हिडिओ कॉल लावून समोरच ट्रान्सफर करायला सांगा आणि चावी त्याने सांगितलेल्या माणसाला सही घेऊन द्या.

भाडेवही, पावत्या, करार आणि न फोडलेली पाकिटं घर सोडल्यानंतरही निदान तीन वर्षं सांभाळा. भाड्याच्या थकबाकीचा दावा तेवढ्या मुदतीत लावता येतो. वाद कोर्टात गेला असेल तर निकाल पूर्ण लागेपर्यंत. नव्या घरात गेल्यावर ती वही पुढे चालवू नका, नवीन घ्या.